टेंबे गुणांक

माझ्या नावाचा एक गुणांक आहे. दशांश चिन्हानंतर चार शून्यं आणि मग एक दोन. एवढ्या शून्यांच्या मागे उभा असलेला माणूस फार मोठा नसणार, हे खरं म्हणजे कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण २०४१ साली मला सभागृहात बोलावून शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. निवेदिकेने माझी ओळख 'उष्णतेचे मूक साधक' अशी करून दिली. मूक होतो, यात शंका नाही.

हा गुणांक कशाचा, ते सांगतो. हीट एक्स्चेंजर म्हणजे एका मोठ्या नळकांड्यात ठासून भरलेल्या शेकडो बारीक नळ्या. नळ्यांच्या आतून थंड पाणी जातं, बाहेरून गरम द्रव. दोघांची जन्मात गाठ पडत नाही. मधल्या धातूच्या भिंतीतून एकाची उष्णता दुसऱ्याला मिळते, एवढाच संबंध. आमच्या आळीतले बरेच संसार याच तत्त्वावर सुरळीत चालले. खताचा कारखाना असो, दुधाची डेअरी असो की वीजकेंद्र, या नळकांड्याशिवाय कोणाचं पान हलत नाही.

त्याचं डिझाइन करणं मात्र कटकटीचं. नळ्या किती, केवढ्या जाड, किती लांब, मध्ये आडपडदे किती आणि किती अंतरावर. पूर्वी एक माणूस तीन महिने गणितं करायचा आणि शेवटी घाबरून दहा टक्के नळ्या वाढवायचा. तपासणारा साहेब सही करताना आणखी दहा टक्के. कारखान्यात नळ्या बसवणारा फोरमन कोणाला न विचारता चार जास्त टाकायचा. या वाढीव नळ्यांना भीती म्हणत नसत. अनुभव म्हणत.

मग 'सुघट' नावाचा प्रोग्रॅम आला. तो एका फटक्यात दहा हजार डिझाइनं जन्माला घालतो. त्यातली बरी निवडून त्यांची लग्नं लावतो. बापाच्या नळ्या, आईचे आडपडदे अशी मुलं होतात. एखाद्या मुलात मुद्दाम काहीतरी विचित्र बदल करून बघतो. नालायक निघतील त्यांना पुसून टाकतो. अशा चाळीस हजार पिढ्या तो दुपारच्या जेवणाआधी उरकतो आणि जे शेवटचं अपत्य उरतं, त्यात एक नळीसुद्धा फुकट नसते. धातू चाळीस टक्के कमी लागतो. सगळ्यांचा अनुभव त्याने असा तासून काढला.

फक्त एक गोष्ट त्याला गणिताने काढता येईना. मळ. खाडीच्या पाण्यातला गाळ, शेवाळ, कालवांची पिल्लं नळीच्या आत चिकटतात. पोस्टकार्डाच्या जाडीचा थर बसला की उष्णतेची वाट बंद. तो थर किती वेगाने बसतो याला सूत्र नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं शिडी चढून थर्मामीटर वाचणारा माणूस लागतो. सुघटने जुन्या नोंदी मागवल्या. रेवसाळच्या खाडीकाठी बंद पडलेली सागरतारा केमिकल्स ही कंपनी होती, तिच्या बावीस वर्षांच्या लॉगशीट लाल फडक्यात बांधलेल्या सापडल्या. बाकी सगळी रजिस्टरं रद्दीत गेली होती.

कुठल्या नोंदी खऱ्या मानायच्या? सुघटला नियम दिला होता: गरम बाजूने गमावलेली उष्णता आणि थंड बाजूने कमावलेली उष्णता सारखी भरली पाहिजे. हा विश्वाचा नियम आहे, त्याला अपील नाही. प्रत्यक्षात थर्मामीटर थोडं खोटं बोलतं, मीटरचा काटा अडकतो, पाच-सात टक्क्यांचा फरक राहतोच. मात्र एका इसमाच्या लॉगशीटमध्ये बावीस वर्षांत हा फरक कधी अर्ध्या टक्क्याच्या वर गेला नव्हता. सुघटने त्या इसमाला अठ्ठ्याण्णव टक्के विश्वासार्हता दिली. त्याच्या नोंदींवरून मळाचा गुणांक काढला. तो इतका बारीक निघाला की देशभर तीन हजार एकशे एक्स्चेंजर त्याच्या भरवशावर बांधले गेले आणि ते अकरा महिन्यांतून एकदाच साफ करायचे असं ठरलं.

तो इसम मी. शिफ्ट इंजिनियर वामन टेंबे. आणि ते आकडे मी कॅन्टीनमध्ये बसून लिहीत असे.

एक्स्चेंजर तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर होता. शिडीला ब्याण्णव पायऱ्या. दर दोन तासांनी चढायचं. त्या वेळी माझे गुडघे ठणठणीत होते, गणितही चांगलं होतं, इच्छा तेवढी नव्हती. शिवाय मी कंपनीच्या नाटकमंडळीत होतो आणि कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमी शिफ्टमध्येच चालत. तेव्हा मी एक आकडा मनाने घ्यायचो आणि उरलेले तीन त्यावरून उलटं गणित करून काढायचो. आपोआप जुळायचे. लॉगशीट भरायची असते, वाचायची नसते, अशी आमच्याकडे सर्वांची प्रामाणिक समजूत होती.

सर्वांची म्हणजे, जनार्दन घरत सोडून. घरत माझ्याच हाताखालचा ऑपरेटर. तो चढायचा. त्याच्या नोंदी दिसायला भयंकर. बाहेर पडणारा द्रव सेहेचाळीस, मग एकोणपन्नास, वारा सुटला की सत्तेचाळीस, आणि तीन आठवड्यांत त्रेपन्न. "नल्या चोंदल्यात सायेब, साफ करा," असं शेऱ्यात लिहायचा. एकदा मॅनेजरने त्याची आणि माझी शीट शेजारी-शेजारी ठेवली. माझा आलेख इस्त्री केल्यासारखा. मॅनेजरने निष्कर्ष काढला की घरतला नीट दिसत नाही. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने लिहिलं, दृष्टी उत्तम. मॅनेजर म्हणाला, असू दे, तरी चष्मा लावा. घरतने बिननंबरी काचेचा चष्मा केला आणि पुढची सगळी नोकरी तो लावून केली. चष्मा लावूनही त्रेपन्नच दिसतात म्हटल्यावर त्याला नळ्या घासणाऱ्या टोळीत टाकलं. बढती कायमची गेली.

मला बोलता आलं असतं. त्या दिवशी तालीम होती.

*

या वर्षीच्या मे महिन्यात रेवसाळला पारा चव्वेचाळीसवर गेला. अशा दिवसांसाठी सरकारने गावोगाव 'गारवाघरं' बांधली आहेत. घरात ज्यांना थंडावा नाही त्यांनी दुपारी तिथे येऊन बसायचं. हॉलमधली उष्णता यंत्राने ओढून घ्यायची आणि एक्स्चेंजरमार्फत खाडीच्या पाण्यात सोडायची. तो एक्स्चेंजर चोंदला की उष्णतेला बाहेर जायला वाट नाही. मग गारवा करणारं यंत्रच तापतं आणि बंद पडतं.

रेवसाळच्या गारवाघरातलं ते यंत्र मेच्या वीस तारखेला बंद पडलं. दुपारचे दोन वाजले होते, आत चारशे माणसं होती. नऊ जणांना इस्पितळात नेलं. आठ परत आले. कमळाबाई ठाकूर परत आल्या नाहीत.

चार दिवसांनी दारात एक पस्तिशीची बाई उभी राहिली.

"काका, ओळखलंत? मी भाविका. जनार्दन घरतांची मुलगी. गारवाघराची इंजिनियर मीच. म्हणजे होते, परवापर्यंत."

माझी बायको मालती पाणी घेऊन आली आणि गेलीच नाही. दाराशी टेकून उभी राहिली.

"मी सहा वेळा लेखी मागितलं, काका," भाविका म्हणाली. "एक्स्चेंजर उघडून साफ करू द्या, आउटलेटचं तापमान चढतंय. सहाही वेळा सुघटचं उत्तर एकच, अकरा महिने झालेले नाहीत. परवानगीशिवाय झाकण उघडलं तर नोकरी जाते. नाही उघडलं, तरी गेलीच."

"चौकशीत काय म्हणतात?"

"म्हणतात, खाडीचा गाळ एवढ्यात बसूच शकत नाही. टेंबे गुणांक आहे ना. म्हणजे इंजिनियर बाईंनीच पाण्याची गाळणी काढून ठेवली असणार. गुन्हा दाखल करतील पुढच्या आठवड्यात." ती पाणी प्यायली. "बाबा म्हणाले, टेंबेसाहेबांकडे जा. ते सांगतील."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. हसले."

मी विचारलं, "चहा घेशील?"

तिने घेतला. मी तिला उष्णतावहनावर बरंच काही सांगितलं. पाण्याचा वेग, गाळाचे कण, भरती-ओहोटी. ती वहीत टिपून घेत होती. एकाही वाक्यात मी नव्हतो. जाताना ती पाया पडली.

दार लावून मालती म्हणाली, "तुम्ही त्या काळी ब्याण्णव पायऱ्या चढायचात?"

"ड्यूटी होती."

"आपण दुसऱ्या मजल्यावर राहायचो तेव्हा दळण आणायला तुम्हाला धाप लागायची. पंचेचाळीस वर्षं मी तुमचा स्वयंपाक केलाय, वामनराव. ती काय विचारत होती ते मला कळलं. तुम्ही काय सांगितलं नाही, तेही कळलं."

रात्रीच्या जेवणात तिने मला वाढलं, पण आणखी हवंय का, ते विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी चौकशी समितीपुढे गेलो. अध्यक्षा दळवीबाई मला बघून उठून उभ्या राहिल्या. टेबलावर स्पीकर होता, त्यातून सुघट बोलायचा.

मी सगळं सांगितलं. कॅन्टीन, तालीम, उलटं गणित. बावीस वर्षं. दळवीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"टेंबेसाहेब, जुन्या सहकाऱ्याच्या मुलीसाठी तुम्ही एवढा आळ स्वतःवर घेताय. आजकाल कोण करतं हो असं?"

"अहो, आळ नाही. खरंच मी—"

"सुघट?" त्यांनी विचारलं.

"श्री. टेंबे यांच्या लेखी नोंदी: विश्वासार्हता अठ्ठ्याण्णव टक्के," स्पीकर म्हणाला. "आजची तोंडी जबानी: एकतीस. वय चौऱ्याहत्तर, मधला काळ मोठा, आरोपीशी ओळख. नोंदी ग्राह्य धराव्यात."

नाट्यस्पर्धेत मी सत्यवादी मास्तरांची भूमिका केली होती तेव्हा प्रेक्षक खो-खो हसले होते. इथे मी लबाडाची भूमिका करत होतो, तीही स्वतःच्या अनुभवावरून, तर लोक गहिवरत होते. मला शहाळं पाजण्यात आलं.

"पुरावा असेल तर आणा," दळवीबाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "नाहीतर मनाला लावून घेऊ नका."

जिना उतरताना मला पुरावा आठवला. त्याच स्पर्धेमुळे आठवला. डिसेंबर २००९. अंतिम फेरी जवळ आली होती आणि शीट भरायलाही सवड नव्हती. म्हणून मी पुढच्या पंधरवड्याच्या शीट एकाच दुपारी आगाऊ भरून कारकुनाकडे देऊन टाकल्या. दोन-तीन दिवसांनी घरत तालमीच्या दारात येऊन म्हणाला, "सायेब, एक्स्चेंजर खाली उतरवलाय. नल्या बदलतायत." मी संवाद पाठ करत होतो. म्हटलं, "बरं."

एक्स्चेंजर अकरा दिवस यार्डात आडवा पडला होता, नळ्या काढलेल्या. आणि माझ्या शीटवर तो त्या अकरा दिवसांतही उत्तम चालला होता.

हे लिहून ठेवणारा माणूस जगात एकच असू शकत होता.

*

घरत पडवीत बसून आंबोशीसाठी कैऱ्या चिरत होता. डोळ्यांवर तोच काळ्या काड्यांचा चष्मा.

"या टेंबेसायेब. शिडी नाय इथं. बसा."

मी बसलो. काय बोलावं ते वाटेत ठरवलं होतं. ते सगळं नाटकातल्या संवादासारखं वाटायला लागलं, म्हणून सोडून दिलं.

"घरत, तुमची एक वही असायची. स्वतःची. रीडिंगची."

"हाय की. तुमची लाल कापडान बांधली, माझी पिशवीन." त्याने सुरी पुसली, आत गेला आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळलेलं एक बाड घेऊन आला. पहिल्यापासून जवळच ठेवलं असावं, फार वेळ लागला नाही.

डिसेंबरचं पान मी शोधलं. नऊ तारीख: 'एक्स्चेंजर खाली. रीडिंग नाही.' दहा तारीख: 'एक्स्चेंजर खाली. रीडिंग नाही.' असं अकरा दिवस, दर दोन तासांनी, प्रत्येक ओळ पुरी लिहिलेली. वरच्यासारखं म्हणून दोन टिंबं द्यायचाही आळस या माणसाने केला नव्हता. शेवटच्या दिवशी नव्या नळ्यांचे नंबर होते, ठेकेदाराच्या माणसाची सही होती.

"हे तुम्ही भाविकाला का नाही दिलंत? आधीच सुटली असती."

"माझ्या वहीला इश्वास किती हाय, म्हाईत हाय का? अकरा टक्के. तिनं इचारलं व्हतं त्या मशिनीला. तुम्ही खोटं हाव, हे तुम्हीच बोलल्याबिगर माझी वही खरी व्हत नाय."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, घरत? त्या वेळी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. काचेच्या आडून डोळे अगदी जसेच्या तसे दिसत होते, ना मोठे ना लहान.

"बोललो व्हतो," तो म्हणाला. "मला चष्मा दिला."

कैरीची फोड त्याने पुन्हा हातात घेतली. मी म्हटलं, "मला माफ करा."

"माझं काय मोठंसं. कमलाबायच्या पोराकडं जा."

मी गेलो. त्याच दुपारी गेलो, नाहीतर जाणं झालं नसतं. कमळाबाईंचा मुलगा दारातच उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं.

"किती पायऱ्या होत्या?"

"ब्याण्णव."

त्याने मान हलवली आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

*

समितीपुढे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले गेले, चौतीस वर्षांनी पुन्हा. अकरा डिसेंबर, सकाळी दहा. माझी शीट: गरम द्रव आत चौऱ्याऐंशी, बाहेर सेहेचाळीस, उष्णतेचा हिशेब तीन दशांश टक्क्याच्या फरकाने जुळलेला. घरतची वही: एक्स्चेंजर खाली. ठेकेदाराची कंपनी अजून चालू होती, तिच्या दप्तरात त्याच नंबरच्या नळ्या, त्याच तारखांना बदलल्याची नोंद निघाली.

दळवीबाईंनी दोन्ही कागद स्पीकरजवळच्या कॅमेऱ्यापुढे धरले. सुघट चार सेकंद गप्प राहिला. दुपारच्या जेवणाआधी चाळीस हजार पिढ्या संपवणाऱ्याच्या दृष्टीने चार सेकंद म्हणजे बराच काळ.

"टेंबे यांच्या नोंदी: विश्वासार्हता शून्य," तो म्हणाला. "टेंबे यांची जबानी: नव्याण्णव. घरत यांच्या नोंदी पुन्हा वाचत आहे." आणि थोड्या वेळाने, "सर्व तीन हजार एकशे एक्स्चेंजर तात्काळ उघडावेत."

भाविकाला तिथल्या तिथे कामावर घेतलं. गुणांक रद्द झाला. माझ्यावर काय कारवाई करावी हे कोणाला सुचेना. बंद पडलेल्या कंपनीच्या निवृत्त माणसाला निलंबित करता येत नाही. शाल परत घ्यायची का, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. शाल परत घेण्याचा नमुना उपलब्ध नव्हता. दळवीबाई या वेळी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

खाली भाविका उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनेच बोलायला सुरुवात केली. या वेळी काका म्हणाली नाही.

"सुघटला खाडीच्या मळाचा नवा आकडा हवाय. एक वर्षभर, दर दोन तासांनी. सेन्सरवरही मळ बसतो, म्हणून माणसाने डोळ्यांनी वाचलेलं रीडिंग पाहिजे. मला माणसं मंजूर नाहीत. सोमवारी, सकाळी आठला. पहिली शिफ्ट तुमची."

*

गारवाघराच्या गच्चीवर जायला लोखंडी शिडी आहे. सव्वीस पायऱ्या. सोमवारी मी त्या चढलो, मध्ये दोनदा थांबून. खाली हॉलमध्ये माणसं येऊन बसायला लागली होती. खिडकीतून प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या. त्यात कमळाबाईंची कोणती होती ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्याच बघाव्या लागल्या.

वर पोचलो आणि खिसे चाचपले. वाचायचा चष्मा खाली टेबलावर राहिला होता.

घरत माझ्या मागोमाग चढून आला होता. लेकीचं काम बघायला म्हणून आला होता, असं तो म्हणाला. त्याला धापही लागली नव्हती. त्याने स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"घ्या."

मी तो लावला आणि थर्मामीटरपाशी वाकलो. तबकडी पांढरी दिसली, काटा काळा दिसला, आकड्यांची नुसती खिचडी.

"घरत, याला नंबर नाही."

"व्हता कवा?"

तो कठड्याला टेकून खाडीकडे बघत उभा राहिला. मदत करायचा त्याचा विचार दिसला नाही.

शीट माझ्या गुडघ्यावर होती. पाणी आत येताना एकतीस अंश, हे खालच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत मी येताना वाचलं होतं. पाण्याचा वेग ठाऊक होता. यंत्र किती उष्णता ओढतं तेही ठाऊक होतं. म्हणजे बाहेर पडताना छत्तीस पॉइंट दोन. हे मी मनात केलं नाही, हाताने केलं. पेन आपणहून त्या चौकटीवर गेलं आणि तिनाची वरची कमान काढूनही झाली.

खालून भाविकाची हाक आली. "किती?"

मी ती कमान खोडली. तिच्या शेजारी लिहिलं: सकाळी आठ. दिसले नाही. खाली सही केली.

"दिसलं नाही," मी म्हणालो.

"जरा जोरात सांगा, सायेब," घरत खाडीकडे बघतच म्हणाला. "तिला आयकू नाय गेलं."

मी जोरात सांगितलं.